तीन हजार नंबरचा गाळा

"ताई, आमचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे. दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. पप्पांना दिवसभर पार्ट्यांचे फोन, 'माल झाला का?' प्रत्येक वेळी ते मशीन थांबवतात, तेलकट हात पुसतात, वही शोधतात आणि मग सांगतात. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मला असं एक पान करायचंय की पार्टीनं चलन नंबर (मालासोबत येणाऱ्या कागदाचा नंबर) टाकला की काम कुठवर आलंय ते तिला दिसावं. तीन महिने व्हिडिओ बघतेय. कुणी नोड म्हणतं, कुणी पायथन, कुणी आधी डॉकर शीक म्हणतं. एका व्हिडिओत बघून नोडचा सर्व्हर केला, तो चाललाही. पण दुसऱ्यांदा चालवला तर लाल अक्षरांत आलं, 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज, ३०००'. मला वाटलं मी लॅपटॉपचं काहीतरी बिघडवलं. घाबरून सगळं काढून टाकलं. दादा म्हणतो तयार ॲप घे आणि मोकळी हो. नक्की कुठून सुरुवात करू? आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरच हे चालवता येईल का?"
– एक वाचक, कोल्हापूर

तुझ्या लॅपटॉपला काहीही झालेलं नव्हतं. उलट तो निरोप आला याचा अर्थ तुझा पहिला सर्व्हर, म्हणजे मागितलं की पान देणारा तो प्रोग्रॅम, अजून चालूच होता. कमांड टाइप करायच्या एका काळ्या खिडकीत तो चालू ठेवून तू दुसरी खिडकी उघडलीस आणि तीच कमांड पुन्हा दिलीस, एवढंच झालं असणार.

तुमच्या उद्यमनगरातली एखादी गाळ्यांची इमारत डोळ्यांसमोर आण. इमारतीचा पत्ता एक, पण आत गाळे पुष्कळ, आणि आलेला माल कुठल्या गाळ्यात उतरवायचा हे नंबरावरून ठरतं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. इमारतीचा पत्ता म्हणजे आयपी ॲड्रेस आणि गाळा नंबर म्हणजे पोर्ट. पोर्टचे नंबर ६५५३५ पर्यंत जातात. तुझा पहिला प्रोग्रॅम ३००० नंबरच्या गाळ्यात बसून होता, दुसरा तिथंच शिरायला गेला आणि कॉम्प्युटरनं सांगितलं की इथं माणूस आहे. पहिल्या खिडकीत जाऊन कंट्रोल आणि सी एकदम दाबलं असतंस तर गाळा रिकामा झाला असता. पुन्हा असं झालं तर हेच कर. ती खिडकी सापडलीच नाही तर नवा प्रोग्रॅम दुसऱ्या नंबरावर चालव. काढून टाकायची गरज कशालाच नाही.

आता नोड की पायथन. दोन्ही प्रोग्रॅम लिहायची साधनं, दोन्ही चांगली आहेत आणि तुझं काम दोन्हींत होईल. मी तुला पायथन सांगते, कारण पायथन टाकलं की त्याच्यासोबतच एक छोटा सर्व्हर आणि एक डेटाबेस, म्हणजे नोंदींची वही, येतो. पहिल्या आठवड्यात दुसरं काही जमवत बसावं लागत नाही. डॉकर हे सामान नीट बांधून दुसरीकडे हलवायचं साधन आहे आणि तुझ्याकडे अजून हलवायला सामान नाही, तेव्हा ते राहू दे. महिनाभर व्हिडिओ बंद कर. हे मी रागानं म्हणत नाही. लेथचे व्हिडिओ बघून हात बसत नाही हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आयटीआयत आल्या आल्या पोराच्या हातात कानस देतात आणि एक तुकडा काटकोनात आणायला लावतात. त्या तुकड्याचा पुढं कुठंच उपयोग नसतो, पण हाताला लोखंड कळतं. तसलाच एक तुकडा तुला देते.

पायथन टाकताना पहिल्याच पडद्यावर खाली 'पाथ' असा शब्द असलेली एक चौकट दिसली तर तिथं टिक कर. ती राहिली तर विंडोज 'पायथन' शब्दच ओळखत नाही आणि तुझ्यासमोर ॲपचं स्टोअर उघडून ठेवतो. पुष्कळ मुलं इथंच दोन दिवस घालवतात. मग डेस्कटॉपवर एक नवं फोल्डर कर. त्यात नोटपॅडनं एक फाइल लिही, नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल'. आत एवढंच लिही: पहिल्या ओळीत मेटा टॅग (टॅग म्हणजे कोनी कंसात लिहिलेली खूण), चारसेट यूटीएफ-८. दुसऱ्या ओळीत एच-वनच्या टॅगमध्ये दुकानाचं नाव, मराठीत. ती पहिली ओळ गाळू नकोस. ती नसेल तर ब्राउझर अक्षरांचा अंदाज बांधत बसतो, आणि 'उद्यमनगर'च्या जागी टोप्या आणि ठिपके लावलेल्या परक्या अक्षरांची रांग दिसते.

आता त्या फोल्डरमध्ये कमांडची खिडकी उघड आणि फोनवर सांगावं तसं सांगते ते टाइप कर: पायथन, जागा सोड, डॅश एम, जागा सोड, एचटीटीपी डॉट सर्व्हर. एंटर. ८००० नंबरवर बसलोय असं तो सांगेल आणि गप्प होईल. इथं पुष्कळांना वाटतं की अडकला. अडकलेला नाही, तो वाट बघतोय. सर्व्हरचं निम्मं आयुष्य वाट बघण्यातच जातं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ८००० असं टाक. दुकानाचं नाव दिसेल.

पण आपल्याला ब्राउझरपेक्षा ती काळी खिडकी महत्त्वाची आहे. तिच्यात एक ओळ उमटली असेल: आधी १२७.०.०.१ किंवा दोन कोलन आणि १, मग तारीख-वेळ, मग 'गेट', एक तिरकी रेघ आणि शेवटी २००. ही ओळ म्हणजे दुकानाची आवक वही. ह्या दोन्हींचा अर्थ एकच, मागणारा ह्याच कॉम्प्युटरवरचा. 'गेट' म्हणजे दे. नुसती तिरकी रेघ म्हणजे पहिलं पान. २०० म्हणजे होतं, दिलं. बहुतेक वेळा हिच्या खाली आणखी एक ओळ दिसेल, 'फॅव्हिकॉन' असं काहीतरी लिहिलेली आणि शेवटी ४०४. तू ते मागितलंच नव्हतंस. ब्राउझर टॅबवर लावायचं छोटं चित्र आपणहून मागतो, तुझ्याकडे ते नाही, म्हणून सर्व्हरनं नाही म्हणून सांगितलं. ४०४ ची सगळी भीती इथं संपते. ते एक सरळ उत्तर आहे: मागितलेली वस्तू माझ्याकडे नाही.

त्या रात्री आणखी एकच गोष्ट कर. मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असू दे. लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग' कमांड दे. बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा एक पत्ता दिसतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता, कोलन आणि ८००० टाक. फायरवॉलनं, म्हणजे विंडोजच्या राखणदारानं, परवानगी मागितली तर घरच्या नेटवर्कपुरती दे. मग मोबाइल पप्पांच्या हातात दे आणि काळ्या खिडकीत मोबाइलचा पत्ता उमटताना तू बघ. दोन वेगळी यंत्रं एकमेकांशी बोलली आणि ती तू बोलायला लावलीस. एक मात्र सांभाळ. हा सर्व्हर फोल्डरमधलं सगळंच दाखवतो, म्हणून तो ह्या वेगळ्या फोल्डरमध्येच चालव. आणि पायथनवालेच त्यांच्या माहितीपत्रकात लिहितात की हा खऱ्या कामासाठी बाहेर जगासमोर ठेवायचा नाही.

पुढची पायरी गंगावेशीत दिसते. दुकानात पिशवीचं दूध मिळतं. ते आधीच भरून ठेवलेलं असतं, कुणीही मागा, तीच पिशवी. आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, तू मागितलंस की तुझ्या ग्लासात धार काढून देतात. आत्तापर्यंत तू केलंस ते पिशवीचं दूध. फाइल ठेवलेली होती, मागितली की दिली. पण १०४१ नंबरच्या चलनाचं काम आत्ता कुठं आहे ह्याची फाइल आधी करून ठेवता येत नाही. कुणी विचारलं की त्या क्षणी धार काढावी लागते. म्हणजे मागणी आल्यावर तुझा प्रोग्रॅम चालतो, वहीत बघतो, पान तयार करतो आणि देतो. वेब सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन म्हणतात ते हेच.

त्यासाठी पायथनमध्ये फ्लास्क नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घे. २०१० पासून आहे, लहान आहे, आणि नवशिक्याला समजेल असं तिचं माहितीपत्रक आहे. तिच्यात तू फक्त एवढं ठरवतेस की कुठला पत्ता मागितला की कुठलं फंक्शन चालायचं. पहिला प्रोग्रॅम सहा-सात ओळींचा होतो. सुरुवातीला डेटाबेस घेऊच नकोस. प्रोग्रॅममध्येच चार चलनं आणि त्यांची स्थिती लिहून ठेव, आणि पत्त्यात चलन नंबर दिला की स्थिती दिसेल एवढं कर. मग स्थिती बदलायचा एक फॉर्म कर. १०४१ 'मशीनवर' होतं ते 'तयार' कर. दिसतंय ना? आता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू कर आणि १०४१ बघ. ते परत 'मशीनवर' गेलेलं असेल.

हे स्वतः बघितल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. डेटाबेस कशाला लागतो हे मी चार पानं लिहून सांगितलं तरी ह्या एका अनुभवाइतकं ते पटणार नाही. प्रोग्रॅमच्या डोक्यात असतं ते वीज गेली की जातं, वहीत लिहिलेलं राहतं. तुझी वही म्हणजे एसक्यूलाइट. पायथनसोबतच येते, वेगळं काही चालवावं लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो. एका मशीन शॉपच्या चलनांना ती पुरून उरेल. त्यात प्रश्न विचारताना पार्टीनं टाइप केलेला मजकूर कमांडमध्ये सरळ चिकटवू नकोस. तिथं प्रश्नचिन्ह ठेव आणि मजकूर वेगळा दे. चिकटवलास तर एखादा चलन नंबराच्या चौकटीत डेटाबेसची कमांडच लिहील, आणि तुझा प्रोग्रॅम ती इमानदारीनं पाळेल.

आकड्यांची एक खोच आपल्याच लोकांना लागते, म्हणून सांगते. एखादी पार्टी मराठी कीबोर्डवर '१०४१' टाइप करेल आणि तुझ्या वहीत तो नंबर इंग्रजी आकड्यांत असेल. मजकूर म्हणून दोन्ही ताडून बघितले तर जुळणार नाहीत, पार्टीला दिसेल 'चलन सापडलं नाही', आणि फोन तुझ्या पप्पांनाच येईल. पायथनचं 'इंट' फंक्शन मराठी आकडे ओळखतं. आलेला नंबर आधी त्यातून काढ, मग शोध.

पण डेटाबेसच्या तक्त्यात कुठले रकाने ठेवायचे हे लॅपटॉपसमोर बसून ठरवू नकोस. एक दिवस दुकानात बस, पप्पांचा फोन तू घे आणि प्रत्येक फोनमागं वहीत एक ओळ लिही: कोण, कुठल्या जॉबबद्दल, नेमकं काय विचारलं. मला शंका आहे की 'झालं का' असं विचारणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर 'टेम्पो कधी पाठवू' हे हवं असतं. तसं निघालं तर तुझ्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत स्थिती नको, न्यायची तारीख हवी. आणि स्थितीची नावंही तुमच्याच तोंडातली ठेव: माल आला, सेटिंगला, मशीनवर, तपासणीत, तयार, नेला. 'प्रोसेसिंग' असलं काही घालू नकोस. ते वाचून पार्टी पुन्हा फोन करेल.

दादाच्या म्हणण्याचंही उत्तर इथंच देते, कारण तो चुकीचं बोलत नाही. फोन कमी व्हावेत एवढंच हवं असेल तर ऑनलाइन शीट करून प्रत्येक पार्टीला तिची वेगळी दाखवली तरी भागेल, दोन दिवसांत होईल. पण तू तीन महिने ह्याच्या मागं आहेस ते फक्त फोनसाठी नाही, हे तुझ्या पत्रातून मला दिसतं. तुला हे स्वतः करायला शिकायचंय. मग स्वतः कर. घाईचे दोन महिने शीटवर काढावे लागले तरी चालतील, शिकणं सोडू नकोस.

आता ज्या भागावर मला तुझ्याशी सगळ्यात जास्त बोलायचंय तो. तुमचे चलन नंबर ओळीनं असणार, १०४१, १०४२, १०४३. ज्या पार्टीकडे १०४१ आहे ती सहज १०४२ टाकून बघेल. वाईट हेतू असायलाच हवा असं नाही, नुसती उत्सुकता पुरते. आणि तिला दिसेल की शिरोलीतल्या कुठल्या फौंड्रीचा कुठला जॉब तुमच्याकडे आलाय, किती नग, कधी जाणार. उद्यमनगरात ही माहिती म्हणजे धंदा आहे. तुझ्या पप्पांनी वीस वर्षं ती तोंडातून बाहेर काढली नसेल आणि तुझं पान ती एका आकड्यात देऊन टाकेल. हा दोष मोठमोठ्या सिस्टिममध्ये सापडतो, कारण बनवणाऱ्याला वाटतं की नंबर माहीत आहे म्हणजे माणूस आपलाच.

म्हणून नुसत्या चलन नंबरावर काही दाखवू नकोस. प्रत्येक चलनाला एक लांब, ओढूनताणून अंदाज बांधता न येणारा कोड दे. पायथनमध्ये 'सीक्रेट्स' नावाचं मॉड्यूल त्यासाठीच आहे. तो कोड असलेली लिंक पार्टीला माल घेतानाच मोबाइलवर पाठव. तिला काही टाइपच करावं लागणार नाही, लिंक दाबली की तिचं काम दिसेल. दुसऱ्याचं काम बघायला दुसऱ्याचा कोड लागेल आणि तो अंदाजानं सापडत नाही. पानावरही गरजेपुरतंच दाखव. जॉबचं नाव, नग, स्थिती, तारीख. दर नको, दुसऱ्या कुणाचं नाव नको.

आणि दाखवायची लिंक वेगळी, बदलायचं बटण वेगळं. हे मी स्वतः चुकून शिकले. मी पहिल्यांदा असा प्रोग्रॅम केला तो एका छापखान्यासाठी. 'काम तयार' अशी नोंद व्हावी म्हणून मी एक साधी लिंक ठेवली होती, उघडली की नोंद व्हायची. मालकांनी ती लिंक चॅटवर कामगाराला पाठवली आणि लिहिलं, 'काम संपलं की ह्यावर बोट ठेव.' चॅटवर लिंक टाकली की खाली त्या पानाची छोटी झलक येते, तू बघितली असशील. ती झलक दाखवायला ॲप ते पान मागवतं. पान मागवलं गेलं, आणि काम 'तयार' झालं. ते काम लग्नपत्रिकांचं होतं. पहिली पत्रिका अंबाबाईला ठेवायची म्हणून घरची माणसं ताट, नारळ, सगळं घेऊन छापखान्यात आली आणि तिथून थेट देवळात जाणार होती. पत्रिका अजून कटिंगलाही लागल्या नव्हत्या. नवरीच्या आजी त्या लाकडी बाकावर ताट मांडीवर धरून बसल्या होत्या. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. 'गेट' म्हणजे फक्त विचारणं. विचारल्यानं काही बदलता कामा नये, मग माणसानं विचारू दे, चॅटनं किंवा सर्च इंजिननं. बदलायचं असेल तिथं फॉर्म आणि 'पोस्ट', म्हणजे हे घे आणि नोंद कर, आणि त्याच्याआधी लॉगिन. तुमच्याकडे बदलणारी माणसं दोन, तू आणि पप्पा. दोन लॉगिन पुरेत. पासवर्ड जसाच्या तसा डेटाबेसमध्ये ठेवू नकोस. फ्लास्कसोबत येणाऱ्या वर्कझ्यूगमध्ये त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलगडत नाही असं रूप, करायचं फंक्शन आहे, ते वापर.

आता तुझा दुसरा प्रश्न, दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालेल का. जगातला पहिला वेब सर्व्हर असाच एकाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधन संस्थेत तो केला. त्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर हातानं, लाल शाईत लिहिलं होतं की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. कारण कुणीतरी संध्याकाळी जाताना बटण दाबलं असतं तर तेव्हाचं सगळं वेब बंद पडलं असतं. तुमच्याकडे रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडत असतील. पाडायलाच हवा, दुकानात यंत्रं आहेत. म्हणजे रात्री तुझा सर्व्हर बंद.

शिवाय तुझं १९२.१६८ वालं घर राउटरच्या आतल्या बाजूला आहे, बाहेरचा माणूस त्या पत्त्यावर येऊ शकत नाही. राउटरमधून वाट काढून देता येते, पण पुष्कळ ब्रॉडबँडवाले एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात आणि मग ती वाटही निघत नाही. निघाली तरी मी तुला ते करायला सांगणार नाही. ज्या कॉम्प्युटरवर दुकानाचे हिशेब आणि जीएसटीची कामं होतात, त्याचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवायचं नाही.

तेव्हा असं कर. पहिला महिना फक्त दुकानाच्या वायफायवर चालव, दुकान उघडं असेल तेवढा वेळ. पार्ट्यांना काही सांगू नकोस. मशीनजवळ एक जुना मोबाइल ठेव आणि पप्पांनी जॉब मशीनवरून उतरवला की तिथंच स्थिती बदलावी. हा महिना तुझ्या प्रोग्रॅमची परीक्षा तर घेईलच, पण त्याहून जास्त सवयीची घेईल. नोंद वेळेवर होत नसेल तर पान कितीही सुंदर असो, ते खोटं सांगेल, आणि खोटं सांगणारं पान नसलेलं बरं. पप्पांच्या तेलकट बोटांना लहान बटणं लागत नाहीत, हेही तेव्हाच कळेल. बटणं मोठी कर.

महिना नीट गेला की मग भाड्यानं जागा घे. व्हीपीएस म्हणतात ती, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या यंत्राचा एक हिस्सा, महिन्याला काहीशे रुपयांत मिळतो. तिथं बहुतेक विंडोजऐवजी लिनक्स असतं. हे काम दोन-तीन शनिवार-रविवार खाईल, त्याची तयारी ठेव. फ्लास्क तू घरी चालवतेस तसा तिथं चालवायचा नाही. त्याचा डीबग मोड, म्हणजे चुका शोधायची सोय, तर चुकूनही चालू ठेवायचा नाही, कारण त्यातून बाहेरचा माणूस तुझ्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. तिथं गनिकॉर्न तुझा प्रोग्रॅम चालवेल, येणाऱ्या मागण्या घ्यायला पुढच्या दारात एनजिनएक्स उभा राहील, आणि यंत्र बंद होऊन चालू झालं किंवा प्रोग्रॅम पडला तर सिस्टिमडी तो पुन्हा उभा करेल. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप, म्हणजे मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये याचं प्रमाणपत्र, लेट्स एन्क्रिप्ट ह्या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून ते आपोआप नवं होण्याची सोय पहिल्याच दिवशी कर.

वेळेकडेही लक्ष दे. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ बहुतेक जागतिक वेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. तू सकाळी १०:४० ला 'तयार' केलेला माल पानावर पहाटे ५:१० ला तयार झालेला दिसेल. साठवताना जागतिक वेळच ठेव, दाखवताना भारतीय वेळेत बदल.

बॅकअपचं तुला समजावून सांगायला नको. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगा शहरात शिरली तेव्हा भिजलेल्या वह्या कोल्हापुरातल्या किती दुकानदारांनी गच्चीवर पानपान सोडवून वाळवल्या, हे आपण बघितलंय. तुझी वही आता एक फाइल आहे, ती वाळवता येत नाही. रोज रात्री तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी गेली पाहिजे. ती नुसती कॉपी करू नकोस, मधेच कुणी लिहीत असेल तर प्रत अर्धवट येऊ शकते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड आहे, ती वापर. आणि महिन्यातून एकदा ती प्रत घरच्या लॅपटॉपवर उघडून बघ. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

पार्ट्यांना लिंक एकदम सगळ्यांना पाठवू नकोस. आधी एक निवड, जी पप्पांना सगळ्यात जास्त फोन करते पण जिच्याशी संबंध चांगले आहेत ती. पंधरा दिवस तिला वापरू दे आणि तरीही तिचा फोन आला तर चिडू नका, तिनं काय विचारलं ते त्याच वहीत लिहा. पानावर काय कमी आहे हे ती वहीच सांगेल.

आज रात्रीपुरतं काम मात्र फक्त त्या फोल्डरचं. फोल्डरचं नाव साधं ठेव, मधे जागा सोडू नकोस. आणि पुन्हा लाल अक्षरं आली तर पायथनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाच, काय बिघडलं ते तिथं लिहिलेलं असतं. तिच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत बिघडलं ते. तरीही नाही उलगडलं तर मला लिही, पण काही काढून टाकायच्या आधी. ती शेवटची ओळ जशीच्या तशी उतरव, आणि तिच्या आधी तू कुठली कमांड दिली होतीस तेही.